दोन ऑक्टोबरचे साक्षीदार

दोन ऑक्टोबरला काय झालं, असं आज कुठल्याही हिंदी सिनेमावेड्या माणसाला विचारून पाहा. गांधीजयंतीचं नाव तो दुसऱ्या क्रमांकावर घेईल. आधी सांगेल की त्या दिवशी साळगावकर कुटुंब पणजीला सत्संगाला गेलं होतं, मग हॉटेलात राहिलं, सिनेमा पाहिला, पावभाजी खाल्ली आणि परत आलं. दर वर्षी ती तारीख उजाडली की फोनवर हेच विनोद फिरतात. निशिकांत कामत यांचा हिंदी 'दृश्यम' ३१ जुलै २०१५ रोजी प्रदर्शित झाला. दहा वर्षं उलटून गेल्यावरही एखाद्या चित्रपटातली तारीख लोकांच्या तोंडी असावी, हे यश थोडंथोडकं नाही.

गंमत अशी की आपण सगळे जे घडाघडा म्हणून दाखवतो, ते दोन ऑक्टोबरला घडलेलंच नाही. ती थाप आहे. त्या दिवशी साळगावकरांच्या घरी एक मुलगा मेला आणि त्याला परसात पुरलं. चित्रपट आपल्यापासून हे लपवतही नाही, चांगला समोर दाखवतो. तरीही प्रेक्षकानं घटना बाजूला ठेवून थाप पाठ केली. हे कसं झालं आणि त्यात आपला, म्हणजे खुर्चीत बसून शेंगदाणे खाणाऱ्यांचा, हात किती, याचा मी बरेच दिवस विचार करतो आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथंच थांबावं, कारण पुढे मी काहीही झाकून ठेवणार नाही.

कथा थोडक्यात अशी. गोव्यातल्या एका लहानशा गावात विजय साळगावकर (अजय देवगण) केबलचा धंदा करतो. चौथी नापास, अनाथ, हिशेबी, आणि सिनेमाचं वेड इतकं की रात्र रात्र ऑफिसातच पडद्यासमोर काढायची. घरी बायको नंदिनी, मोठी मुलगी अंजू आणि धाकटी अनू. शिबिरात अंजूचं आंघोळ करतानाचं चित्रण समीर नावाचा मुलगा चोरून फोनवर करतो आणि त्या जोरावर तिला धमकावायला घरी येतो. आई हातापाया पडते, तेव्हा तो आईकडेच वळतो. अंजू त्याच्या हातातला फोन फोडायला जाते आणि घाव डोक्यात बसतो. मुलगा मरतो. तो निघतो आयजी मीरा देशमुख (तब्बू) यांचा एकुलता मुलगा. इथून पुढे विजय जे रचतो तो खरा चित्रपट.

मूळ मल्याळी 'दृश्यम' जीतू जोसेफ यांचा, डिसेंबर २०१३ मधला. त्यात मोहनलालनं जॉर्जकुट्टी केला आहे आणि तारीख दोन ऑगस्ट आहे. हिंदीत येताना ती दोन ऑक्टोबर झाली. अहिंसेच्या पुजाऱ्याच्या जयंतीला ही हत्या नेऊन ठेवण्यात कोणाचा काही हेतू होता की नुसती सुट्टी हवी होती, कोण जाणे. पण ती निवड हुशारीची खरी. लक्षात राहण्यासारख्या तारखेला खोटं चिकटवलं की ते पक्कं बसतं.

आता थोडं माझ्या धंद्यातलं बोलतो, कंटाळू नका. अनेक संगणक एकमेकांशी बोलत काम करत असले की आमच्यापुढे एक जुनी अडचण असते. प्रत्येक यंत्राचं घड्याळ वेगळं, मग कुठली गोष्ट आधी झाली आणि कुठली नंतर हे ठरवायचं कसं? लेस्ली लँपोर्ट यांनी १९७८ साली यावर एक निबंध लिहिला आणि आमच्या पिढीतल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं तो वाचला. त्यातली मुख्य सूचना अशी, की घड्याळावर विसंबू नका, क्रम पाहा. निरोप पाठवणं आधी आणि मिळणं नंतर, एवढं तर नक्की ना? मग तिथून सुरुवात करा. या विचारातून आणखी एक गोष्ट आपोआप निघते. समजा, सगळीच घड्याळं सारख्याच प्रमाणात चुकीची लावली, तर आतल्या आत तपासून ती चूक कधीच सापडणार नाही. क्रम बरोबर, मधलं अंतर बरोबर, एकाची नोंद दुसऱ्याशी जुळते. चूक पकडायची तर बाहेरचं एखादं घड्याळ लागतं.

विजय साळगावकर नेमकं हेच करतो. कच्चा गुन्हेगार खोटी घटना रचतो. कधी न पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट सांगतो, कधी न चढलेल्या बसचा नंबर देतो आणि उलटतपासणीत उघडा पडतो. विजय घटना रचत नाही. तो कुटुंबाला खरोखर पणजीला नेतो. बस खरी, सत्संग खरा, हॉटेल खरं, सिनेमा खरा. खोटी फक्त तारीख. सबंध सहल तो उचलतो आणि आधीच्या दिवसांवर नेऊन ठेवतो. मग सवडीनं पुन्हा त्याच माणसांकडे जातो, ओळख काढतो आणि बोलण्याच्या ओघात 'आम्ही दोन तारखेला आलो होतो तेव्हा' असं पेरून येतो. कागदांची सोय केलेली असतेच, पण खरा भार तो माणसांवर टाकतो. पोलीस कंडक्टरला, हॉटेलवाल्याला, सिनेमा दाखवणाऱ्याला वेगवेगळं विचारतात आणि सगळे एकच सांगतात. ते खोटं बोलत नसतात, म्हणून तर चेहऱ्यावर काही दिसत नाही. पोलिसांपुढे रांगेनं प्रामाणिक माणसं उभी राहतात आणि रांगेनं चुकीची साक्ष देतात.

हे सिनेमापुरतंच शक्य आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठातला १९७४ सालचा प्रयोग आठवावा. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची एक फिल्म दाखवली. पन्नास जणांच्या एका गटाला विचारलं, मोटारी एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या पन्नासांना तोच प्रश्न सौम्य शब्दात, म्हणजे 'धडकल्या तेव्हा' असा विचारला. आठवड्यानं दोघांनाही विचारलं, काच फुटलेली पाहिलीत का? पहिल्या गटातले १६ जण हो म्हणाले, दुसऱ्यातले ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. प्रश्नातल्या एका क्रियापदानं माणसांच्या आठवणीत काच फोडली. तिथं दृश्याचा तपशील बदलला, तर नुसती तारीख बदलणं अवघड का असावं? गेल्या महिन्यात जेवायला कोण आलं होतं हे आपण नक्की सांगू. शनिवारी आले होते की रविवारी, यावर नवरा-बायकोत पैज लागते.

पण 'दृश्यम'चा खरा पेच याच्या पुढचा आहे. सबंध चित्रपटात पोलिसांना खरं सांगणारी माणसं दोनच आहेत. पहिला सब-इन्स्पेक्टर गायतोंडे (कमलेश सावंत यांनी तो असा केला आहे की पाहताना हात शिवशिवतात). हा लाचखाऊ, हात सोडणारा, विजयशी जुनं वैर असलेला माणूस. मेलेल्या मुलाची पिवळी गाडी चालवताना विजयला त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मघाशी म्हटलं तसं बाहेरचं घड्याळ हेच. ते अगदी बरोबर वेळ दाखवतं आणि त्याच्यावर कोणाचा विश्वास बसू नये म्हणून आपण देव पाण्यात घालून बसतो. दुसरी खरं बोलणारी म्हणजे लहानगी अनू. मृणाल जाधव या आपल्या मराठी मुलीनं ते काम केलं आहे. मारहाण तिच्यापर्यंत पोचते तेव्हा तिच्या तोंडून परसातली जागा बाहेर पडते. तोवर, म्हणजे पोलीस तिला प्रश्न विचारत असतात तितका वेळ, थिएटरातले चारशे लोक श्वास रोखून एकच इच्छा करत असतात, की या कोवळ्या मुलीनं नीट खोटं बोलावं.

भले लोक खोटी साक्ष देतात आणि बुरा माणूस खरी. कामतांनी हे आपल्या नकळत आपल्या गळी उतरवलं, याचं मला फार कौतुक वाटतं आणि अस्वस्थही व्हायला होतं.

आमच्या गावात गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या काही कुटुंबांनी एकाच्या तळघरात जमून हा चित्रपट पुन्हा पाहिला. बाहेर बर्फ, आत भजी. बहुतेकांची दुसरी-तिसरी खेप होती. ती वस्तू अंजूच्या हातात येते तेव्हा इथंच जन्मलेली एक पंधरा वर्षांची मुलगी म्हणाली, "हे लोक पोलिसांना फोन का नाही करत?" सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "अगं, गोवा आहे ते!" मुलगीही हसली, आणि शेवटी विजय सुटल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती. तेव्हा 'मुलं निरागस, आपण भ्रष्ट' असला निष्कर्ष मी काढणार नाही. मला कुतूहल आहे ते त्या हसण्याचं. त्या खोलीतल्या बहुतेकांना भारत सोडून वीस वर्षं झाली होती. फोन नंबर, रुपयाचा भाव, नातेवाइकांचे पत्ते, सगळं आपण वरचेवर नवं करून घेतो. पोलिसांबद्दलचं मत मात्र येताना बॅगेत घातलं तसंच्या तसं आहे.

खरं तर तो प्रश्न हसण्यासारखा नव्हता. चित्रपट आला तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेत स्वसंरक्षणाच्या हक्काची कलमं होती. त्यांतलं शंभरावं कलम सांगे, की बलात्काराच्या हेतूनं हल्ला झाला तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण हा हक्क कायम आहे. अंजूचं प्रकरण त्यात बसलं असतं की नाही यावर वकील मंडळी दोन दिवस भांडतील. भांडायला जागा आहे एवढं मात्र नक्की. आणि तिच्या बाजूचा सगळ्यांत मोठा पुरावा कुठला? त्या मुलाचा फोन. तोच विजय नाहीसा करतो. प्रेत पुरणं, गाडी बुडवणं, फोन संपवणं, यातल्या प्रत्येक पावलागणिक मुलीच्या निर्दोष सुटण्याचा रस्ता तो बापच बुजवत जातो. पुरावा नष्ट करणं हा तर वेगळाच गुन्हा. चित्रपटभर त्याला कोणी हे सांगत नाही, कारण वकिलाकडे जाण्याचा विचार कोणाच्या मनातच येत नाही. आपल्याही येत नाही. आई आयजी, ठाण्यात गायतोंडे. चित्रपटानं दोन्ही दारांना कुलूप लावलेलं असतं आणि किल्ली मागायची आपल्याला आठवण राहत नाही.

इथं कामतांचाच आधीचा चित्रपट शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. 'डोंबिवली फास्ट' २००५ सालचा. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे, बँकेतला सरळमार्गी कारकून, एक दिवस फाटतो आणि हातात बॅट घेऊन गावभर न्याय करत सुटतो. व्यवस्थेवरचा अविश्वास तोच, मध्यमवर्ग तोच, टाळ्या वाजवणारे आपणही तेच. पण तिथं दिग्दर्शक हिशेब चुकता करतो. आपटे शेवटी जिवंत राहत नाही, आणि घरी येताना लोकलमध्ये आपण गप्प असतो. दहा वर्षांनी त्याच माणसानं त्याच प्रेक्षकाला विनाहिशेब सोडून दिलं. मूळ पटकथा मल्याळी असल्यामुळे त्याचं सगळं श्रेय-अपश्रेय कामतांना देता येणार नाही, पण दोन्ही चित्रपटांत प्रेक्षकाच्या रागाची नाडी त्यांनी अचूक पकडली. ऑगस्ट २०२० मध्ये ते गेले, जेमतेम पन्नाशीचे. या दोन टोकांच्या मधलं काहीतरी त्यांच्याकडून अजून यायचं होतं असं मला वाटतं.

नटाच्या निवडीबद्दलही बोललं पाहिजे. माझ्या मल्याळी शेजाऱ्याबरोबर मी मूळ चित्रपट पाहिला. मोहनलालचे खांदे पडलेले, पोट सुटलेलं, हसणं ओशाळवाणं. हा माणूस उद्या मोडेल, असं शेवटपर्यंत वाटत राहतं. अजय देवगणचं तसं नाही. चारच वर्षांपूर्वी, २०११ साली, याच गोव्यात तो 'सिंघम' होऊन वर्दीत गुंडांना बुकलत होता. तो चौथी नापास केबलवाला आहे हे आपण मान्य करतो, पण तो हरेल हे काही केल्या मान्य करत नाही. भीती कमी झाली की चलाखीचं कौतुक वाढतं. हिंदी प्रेक्षकानं चित्रपटातून विनोद आणि तारीख उचलली, त्यामागे मला हेही एक कारण दिसतं.

आणि आम्ही इंजिनिअर? आम्ही भोकं शोधतो. त्या तळघरातही चित्रपट संपल्यावर तासभर तेच चाललं होतं. मोबाइलच्या टॉवरची नोंद नीट का नाही तपासली? हॉटेलात कॅमेरा नव्हता का? बसच्या तिकिटावर तारीख नसते का? जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांच्या २००५ सालच्या कादंबरीतही दिवसांचीच अदलाबदल आहे, तर मग मूळ कल्पना कोणाची? (तिच्यावरून सुजॉय घोष यांनी २०२३ साली 'जाने जान' केला, तोही एकदा पाहावा. तिथं युक्ती लढवणारा गणिताचा मास्तर आहे, म्हणजे आपल्यातलाच.) या चर्चेत मीही तावातावानं भाग घेतो, मजा येते. पण इतक्या वेळा ऐकून आता असं वाटतं, की भोकं शोधणारा माणूस नकळत विजयच्याच बाजूनं काम करत असतो. योजना आणखी पक्की कशी झाली असती, हे आम्ही त्याला सुचवत असतो. समीरच्या आईला तिचा मुलगा कसा सापडला असता, हा प्रश्न घेऊन कोणी पाटीवर आकृती काढत नाही.

चित्रपट हे सोपं करून देतो, ही माझी त्याच्याविषयीची खरी तक्रार. समीरमध्ये एकही बरी गोष्ट ठेवलेली नाही. गायतोंडेमध्ये तर नाहीच. मीरा देशमुख लेकरावर हात उचलू देते, तिथं तिचाही आपल्यावरचा हक्क संपतो. तब्बूनं त्या भूमिकेत जी आई आणली आहे, ती पटकथेनं वर्दीखाली दाबून टाकली. तब्बू नसती तर ती बाई नुसती खलनायिका झाली असती. पडद्यावर उत्तम काम चाललेलं असताना आपण त्याच्याकडे पाहायचं टाळतो, असं क्वचित घडतं. इथं घडतं.

या गोष्टीची पुढे बरीच रूपांतरं झाली. कन्नड, तेलुगू, तमिळ, सिंहली आणि २०१९ साली चिनी. चिनी चित्रपटात बाप शेवटी स्वतःहून गुन्हा कबूल करतो. गुन्हेगार सुटलेला दाखवायचा नाही हा तिथला दंडक माहीत असूनही तो शेवट मला नुसता लादलेला वाटला नाही. मल्याळी 'दृश्यम २' (२०२१) मध्येही लेखकाला हिशेबाकडे वळावंच लागलं. अंजूच्या जागी असलेली ती मुलगी आजारानं आणि भीतीनं पोखरलेली आहे, आणि ज्या गावानं कुटुंबाची बाजू घेतली तेच गाव आता पाठीमागे कुजबुजतं. म्हणजे टाळ्या वाजवणारे साक्षीदार तिथंही बदलले.

पहिल्या भागाच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. मीरानं नोकरी सोडली आहे. ती आणि तिचा नवरा (रजत कपूर) विजयला येऊन भेटतात. आता पोलीस नाहीत, मार नाही, धमकी नाही. मुलाचं काय झालं एवढंच त्यांना हवं आहे. तो असला तर वाट पाहायची, नसला तर थांबायचं. विजय आडवळणानं कबुली देतो, क्षमा मागतो. मात्र मुलगा कुठे आहे ते सांगत नाही. चित्रपटातली ही सर्वांत खरी मिनिटं, आणि आमच्या तळघरात नेमके तेव्हाच दोघे-तिघे चहा टाकायला उठले, कारण रहस्य संपलं होतं. ते कप घेऊन परत आले तो शेवटचा उलगडा सुरू झाला. नव्यानं बांधलेलं पोलीस ठाणं, हजेरीच्या वहीत सही करणारा विजय, आणि बांधकाम चालू असताना त्याच जमिनीखाली रात्रीतून पुरलेलं प्रेत. एकच टाळी पडली. जे आईला सांगितलं नाही, ते त्यानं आम्हाला सांगितलं होतं.